खरेदीच्या फेरीत कुठे उतरावे, कुठे जेवावे

व्यापाराच्या पानावर सुताचे भाव येतात, कर्जाच्या योजना येतात, जीएसटीचे नियम येतात. पण खरेदीसाठी घराबाहेर पडलेला व्यापारी दोन रात्री कुठे झोपतो, काय खातो आणि त्यात त्याचे किती पैसे जातात, यावर कोणी लिहीत नाही. हा खर्च दुकानाच्या वहीत ‘प्रवास’ म्हणून एका ओळीत टाकला की आपण मोकळे होतो. वास्तविक लहान दुकानदाराचा नफा कितीतरी वेळा याच एका ओळीत वाहून जातो.

हिशेब सोपा आहे. दोन लाखांचा माल आणायला गेलेल्या माणसाचे जाण्या-येण्याचे भाडे, खोली, जेवण आणि रिक्षा मिळून सहा हजार झाले, तर मालावर शेकडा तीन चढले. हीच फेरी त्याने अडीच हजारांत बसवली तर शेकडा सव्वा पडते. मधल्या पावणेदोन टक्क्यांसाठी आपण अडत्यापुढे अर्धा दिवस घासाघीस करतो, आणि रात्री स्टेशनसमोरच्या हॉटेलात तेच पैसे न बोलता देऊन टाकतो.

मी मालेगावचा. आमच्या गावाला रेल्वे नाही, स्टेशन म्हणजे मनमाड. तिथून किंवा एसटीने धुळ्यावरून गेली पस्तीस वर्षे सुरत, मुंबई, अहमदाबाद, बऱ्हाणपूर, हैदराबाद अशा फेऱ्या चालू आहेत. त्यातून जे ठाऊक झाले ते नव्या मुलांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे. मोठ्या शेठ लोकांना याची गरज नाही. त्यांची खोली आधीच आरक्षित असते.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तिच्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्या खर्चाने उतरू नये. अडत्या स्टेशनवर माणूस पाठवतो, चांगल्या खोलीची चावी हातात देतो, रात्री जेवायला नेतो. वागणे खानदानी असते, त्यात शंका नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच्या गादीवर बसून मीटरमागे दोन रुपये कमी करा म्हणताना जीभ अडखळते. शेजारच्या मार्केटमध्ये तेच कापड स्वस्त दिसले तरी उठून जाता येत नाही. खोलीचे भाडे तो आपल्याकडूनच घेतो, फक्त ते बिलात वेगळे दिसत नाही. त्याच्याकडे चहा घ्यावा, मुक्काम आपल्या खिशातून करावा.

सुरत

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी गुजरातीत म्हण आहे. काशीचे मला ठाऊक नाही, जेवणाचे मात्र खरे आहे. फक्त ते रिंग रोडवर मिळते असे समजू नये.

रिंग रोडला दीडशेच्या आसपास कापड मार्केट आहेत, एकाला लागून एक. दुकाने साडेदहा-अकराच्या आधी नीट उघडत नाहीत आणि रविवारी बंद असतात. म्हणून शनिवारी दुपारी पोहोचणारा माणूस एक दिवस आणि एक रात्र फुकट घालवतो. सोमवारी सकाळी पोहोचावे. रात्रीच्या गाडीने येऊन स्टेशनवर हातपाय धुवून थेट मार्केटात गेले तर एक मुक्काम वाचतो. भुसावळकडून येणाऱ्यांनी तिकीट पाहून घ्यावे, काही गाड्या सुरतेऐवजी उधन्याला थांबतात किंवा तिथूनच सुटतात.

मार्केटच्या परिसरात जेवण बहुतेक शाकाहारी. गुजराती थाळी, राजस्थानी थाळी, पावभाजी. दुपारी आपणही तेच खावे. पोट हलके राहते आणि काम पुढे चालते. सकाळी लोचो नावाचा प्रकार मिळतो. चण्याच्या डाळीचे वाफवलेले सैल पीठ, वर तेल, शेव आणि कांदा. ढोकळा बिघडला तर त्याचाच लोचो झाला, असे सुरती माणूस हसून सांगतो. हिवाळ्यात गेलात तर पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, शेवेबरोबर खातात. आपल्याकडच्या हुरड्यापेक्षा दाणा लहान आणि मऊ.

संध्याकाळी मात्र मार्केट सोडून तापी ओलांडावी आणि रांदेरला जावे. सुरतेच्या आधीपासूनचे हे बंदर. इथल्या सुन्नी व्होरा व्यापाऱ्यांचे रंगूनशी मोठे दळणवळण होते. रंगूनमध्ये सुरती मशीद आणि सुरती बाजार ही नावे त्यांच्याच मुळे पडली. ते व्यापारी परतले तेव्हा तिकडचा खाऊसा बरोबर घेऊन आले. नारळाच्या दुधातला रस्सा, त्यात शेवया, वरून तळलेले कुरकुरीत जिन्नस. बर्मी पदार्थ सुरती मसाल्यात शिजला की कसा होतो ते तिथे कळते. रांदेरची दुसरी ओळख आलूपुरी. तळहाताहून लहान पुऱ्या, त्यावर बटाटा-वाटाण्याचा रस्सा, कोकमाची चटणी, कांदा आणि शेव. थोड्या पैशांत भूक भागते. जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या आणि मशिदी पाहत फिरले की दिवसभराच्या भावाच्या घोळातून डोके बाहेर येते.

शहरात राणी तलाव आणि झांपा बाजार या भागांत मांसाहारी जेवण चांगले मिळते. झांपा बाजार हा दाऊदी बोहऱ्यांचा भाग असून त्यांची अल्-जामिया-तुस-सैफिया ही 1814 साली सुरू झालेली शिक्षणसंस्था तिथेच आहे. घरी नेण्यासाठी नानखटाई घ्यावी. ही सुरतेची नानखटाई डच लोकांच्या बेकरीतून पारशांच्या हाती आली, अशी हकिगत तिथे सांगितली जाते. दोतीवाला या पारशी घराण्याची बेकरी अजून चालू आहे. चांदणी पडव्याच्या सुमारास गेलात तर घारी मिळेल, पण तुपाने जड असते. एकापेक्षा जास्त खाण्याचे धाडस मी करत नाही.

पाहण्यासारखे म्हणाल तर एकच ठिकाण सांगतो, आणि ते प्रत्येक व्यापाऱ्याने पाहावे. मुगलीसरा भागात सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. लोक तिथे घरपट्टी भरायला जातात. ती इमारत म्हणजे शाहजहानच्या काळात हकीकत खान याने 1644 साली बांधलेली सराय आहे. सुरत तेव्हा मक्केचा दरवाजा म्हणून ओळखली जायची. हिंदुस्थानातून हजला जाणारे लोक जहाज लागेपर्यंत इथे थांबत. चौकोनी अंगण आणि चारी बाजूंनी खोल्यांची रांग. पावणेचारशे वर्षांपूर्वी परगावच्या माणसाला रात्री टेकायला जागा हवी, हा विचार सरकार दरबारी झाला होता आणि त्यासाठी शहरातली मोक्याची जागा दिली गेली होती. आज त्याच शहरात रोज हजारो व्यापारी उतरतात आणि ज्याला परवडेल त्याने आपापले पाहावे, अशी स्थिती आहे.

आता एक व्यवहाराची बाब. फेब्रुवारी 2025 मध्ये रिंग रोडवरच्या शिवशक्ती मार्केटला आग लागली आणि शेकडो दुकाने जळाली. अशा वेळी पैसे दिलेला, पण पाठवायचा राहिलेला माल कोणाचा, हा वाद उभा राहतो. म्हणून मुक्काम असा ठेवावा की गासडी आपल्यासमोर बांधली जाईल आणि बिल्टी हातात घेऊनच गाडीत बसता येईल. एक रात्र जास्त राहावे लागले तरी हरकत नाही. ही रात्र खर्चात धरू नये.

नवी मुले म्हणतात, चाचा, आता जायचे कशाला? व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, पैसे मोबाईलवरून जातात, माल ट्रान्सपोर्टने येतो. खरे आहे, नेहमीच्या मालासाठी मीही तसेच करतो. पण फोटोत रंग दिसतो, पोत दिसत नाही. कापड चिमटीत धरून चुरगाळले की कळते. शिवाय मार्केटात फिरताना कोणाच्या दुकानासमोर हातगाड्या लागल्या आहेत आणि कोणाचा माल कपाटात धूळ खातो आहे, हे मोबाईल सांगत नाही. वर्षातून दोन फेऱ्या तरी स्वतः कराव्यात.

मुंबई

मुंबईत आपल्या माणसाला सगळ्यात सोयीचा भाग म्हणजे क्रॉफर्ड मार्केट ते भेंडी बाजार हा पट्टा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पायी जाता येते. मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट दोन्ही जवळ. मुळजी जेठा 1874 चे. एके काळी देशभरातल्या गिरण्यांचा माल इथून वाटला जायचा. गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या आणि मार्केटचा तो रुबाब राहिला नाही. तरी शर्टिंग, अस्तर, मलमल असा माल अजून तिथे पाहण्यासारखा असतो. मंगलदासमध्ये थानातून कापून मिळते. लहान दुकानदाराने नमुन्यासाठी दोन-दोन मीटर तिथून घ्यावे.

शेजारीच शेख मेमन स्ट्रीटवर जामा मशीद आहे, 1802 मध्ये पूर्ण झालेली. ती एका जुन्या तलावावर बांधलेली आहे. खालच्या मजल्यावर दगडी पायऱ्यांचे पाणी आणि त्यात मासे आहेत. भर बाजारात, जिथे हातगाडीला वळायला जागा नाही, तिथे आत गेल्यावर अचानक गारवा लागतो. जोहरला तिथे थांबावे, अर्धा तास बसावे. मुंबईत यापेक्षा चांगली विश्रांती पैसे देऊनही मिळत नाही.

जेवणाचे ठिकाण मी नेहमी एकच सांगतो. भेंडी बाजारातले नूर मोहम्मदी हॉटेल, 1923 पासूनचे. नळी निहारी आणि नान. निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते, म्हणून सकाळी गेलेले बरे. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचे चित्र आहे. हुसेन साहेबांनी उमेदवारीच्या काळात याच शहरात सिनेमाची पोस्टरे रंगवली. दुसरे ठिकाण बोहरी मोहल्ल्यातली बारा हंडी. कोळशाच्या भट्टीवर ओळीने बसवलेल्या हंड्या. पाया, नळी आणि निरनिराळ्या भागांचे मांस वेगवेगळ्या हंडीत, आणि गिऱ्हाईक सांगेल तसे मिसळून देतात. बरोबर लांब पाव. थंडीच्या सकाळी एक वाटी खाल्ली की दुपारच्या जेवणाचे पैसे वाचतात. मिठाईसाठी मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाला. मालपुवा रमजानमध्ये, फिरनी केव्हाही. रमजानच्या दिवसांत मात्र खरेदीसाठी मोहम्मद अली रोडवर मुक्काम करू नये. पहाटेपर्यंत गर्दी असते, झोप होत नाही आणि खोलीचे भाडे वाढलेले असते.

भेंडी बाजाराचा चेहरा आता बदलतो आहे. जुन्या चाळी पाडून सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट तिथे उंच इमारती उभारत आहे. 10-15 वर्षांनी गेलेल्या माणसाला ओळखीची गल्ली सापडणार नाही. रौदत ताहेरा ही संगमरवरी दर्गा-इमारत मात्र आहे तिथेच आहे. आतल्या भिंतींवर संपूर्ण कुरआन सोन्याच्या अक्षरांत कोरलेले आहे. आत जाताना त्यांचे नियम विचारून घ्यावेत.

आता मुक्कामाविषयी. क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचा मुसाफिरखाना आहे. शेजारच्या रस्त्याला मुसाफिरखाना रोड म्हणतात, परंतु आजच्या मुलांना हे नाव मोबाईलचे सामान आणि अत्तराच्या दुकानांमुळे ठाऊक आहे. हज जेव्हा बोटीने व्हायची तेव्हा देशभरातले हाजी मुंबईत येऊन थांबत. मुसाफिरखाना त्यांच्यासाठी बांधला गेला. बोटीचा प्रवास 1995 मध्ये बंद झाला, हज हाऊस उभे राहिले, आणि मुसाफिरखान्यांची गरज संपली असा समज झाला.

ती गरज संपलेली नाही. हाजी वर्षातून एकदा जातो, व्यापारी आणि कारागीर बारा महिने जातात. ज्यांच्याकडे टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणारा रुग्ण आहे ते तर महिनोन् महिने राहतात. परंतु अनेक गावांत मी पाहिले आहे की मुसाफिरखान्याच्या तळमजल्याला दुकाने निघतात, मग पहिल्या मजल्यावर गोदाम होते, आणि शेवटी पाटी तेवढी राहते. दुकानांचे भाडेही जुन्या काळचे असते, त्यातून छताची दुरुस्तीसुद्धा होत नाही. विश्वस्तांना विचारले तर सांगतात, आता कोण उतरतो इथे? संडास तुंबलेला, खाटेला गादी नाही, मग उतरणार कोण? जिथे दोन स्वच्छ खोल्या, गरम पाणी आणि रात्री कुलूप लागेल असे कपाट आहे, तिथे आजही जागा मिळत नाही.

लॉजविषयी एक कडू गोष्टही लिहायला हवी. फोनवर खोली आहे म्हणतात, आणि काउंटरवर आधार कार्ड ठेवले की नाव वाचून ‘आत्ताच भरली’ असे उत्तर येते. हे माझ्या बाबतीत एका मोठ्या शहरात दोनदा झाले, माझ्या ओळखीच्या इतरांच्या बाबतीतही झाले आहे. सगळीकडे असे होते असे मी म्हणणार नाही. मराठी, गुजराती, मारवाडी मालकांच्या लॉजमध्ये वर्षानुवर्षे माझी पेटी ठेवून घेणारे लोकही आहेत. पण रात्री 11 वाजता, हातात नमुन्यांची पिशवी आणि कमरेला रोकड असताना रस्त्यावर उभे राहणे धोक्याचे असते. म्हणून खोली ठरवताना पूर्ण नाव आधी सांगावे, ओळखपत्राचा फोटो पाठवावा आणि होकार लेखी घ्यावा. काउंटरवर हुज्जत घालून वेळ दवडू नये. वेळ मालावर घालवावा.

माझी एक सूचना आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या तिन्ही गावांतले कितीतरी लोक महिन्यातून एकदा तरी सुरत किंवा मुंबईत असतात. आपल्या व्यापारी संघटनांनी मिळून सुरतेत रिंग रोडपासून पायी अंतरावर चार खोल्यांचा एक फ्लॅट वर्षाच्या भाड्याने घेतला, एक माणूस ठेवला, आणि उतरणाऱ्याकडून रात्रीचे तीनशे रुपये घेतले तर काय अशक्य आहे? खोलीत चार खाटा धरल्या तर सोळा जागा होतात. त्यातल्या रोज दहा भरल्या तरी महिन्याला नव्वद हजार येतात. भाडे, पगार, वीज त्यात भागते की नाही हे तिथला दर विचारून ठरवता येईल. धर्मादाय म्हणून नव्हे, धंद्याचा खर्च कमी करायचा म्हणून हे करावे. दार सगळ्यांना उघडे असावे. आपल्यासाठी बंद झालेले दार आपण दुसऱ्यासाठी बंद करू नये.

अहमदाबाद

इथे कालुपूर स्टेशनला उतरले की कापडाची मार्केट फार लांब नाहीत. मस्कती मार्केट, न्यू क्लॉथ मार्केट, पांचकुवा. सूती, डेनिम, छापील मालासाठी हे शहर. मुक्काम रिलीफ रोड किंवा तीन दरवाजाच्या आसपास करावा.

तीन दरवाजाजवळ भटियार गली आहे. उर्दूत भटियारा म्हणजे सरायमध्ये मुसाफिरांसाठी स्वयंपाक करणारा. आमच्या शाळेत हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जायचा. इथे तो एका अख्ख्या गल्लीच्या नावात शेकडो वर्षे इज्जतीने राहिला आहे. जवळच भद्रला आझम खानाची सराय आहे, 1637 ची. सराय तिथे भटियारे, असा हा हिशेब. गल्लीत कबाब, भाजलेले मांस, लहान लहान समोसे मिळतात. संध्याकाळनंतर जावे. दुकान स्वच्छ पाहून बसावे, सगळीच सारखी नाहीत.

चहासाठी लाल दरवाजाचे लकी रेस्टॉरंट. टेबलांच्या मधोमध हिरव्या रंगाच्या कबरी आहेत, भोवती लोखंडी जाळी, त्यांवर रोज फुले. लोक शेजारी बसून मस्काबन आणि चहा घेतात. हुसेन साहेबांचे एक चित्र इथेही आहे. काहींना हे खटकते. मला विचाराल तर बाजाराच्या गजबजाटात मरणाची आठवण देणारी जागा वाईट नाही, चहा मात्र खरोखर चांगला असतो.

माणेक चौक रात्री पाहावा. सकाळी तिथे गाईंना चारा घालतात, दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालतात, आणि दुकाने बंद झाली की त्याच जागेवर खाण्याच्या गाड्या लागतात. एकाच जागेचे तीन वापर, भाडे तिन्ही वेळचे. धंद्याची अक्कल अहमदाबादकडून शिकावी ती अशी. शेजारी 1424 ची जामा मशीद आहे. सीदी सय्यद मशिदीची दगडी जाळी 1573 ची. कारागिरांनी, विशेषतः भरतकाम आणि छपाई करणाऱ्यांनी, ती जवळून पाहावी. दगडात झाड कसे वळवले आहे, फांद्या कुठेच एकमेकींत अडकत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका ठसे कोरणाऱ्याने तिथे उभे राहून वहीत नक्षी उतरवून घेतली होती. या जुन्या शहराला 2017 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून जुन्या वाड्यांत पाहुण्यांसाठी महागड्या खोल्या निघाल्या आहेत. त्या आपल्या कामाच्या नाहीत.

बऱ्हाणपूर

भुसावळहून गाडीने तासाभरात. यंत्रमागाचे गाव असल्याने आम्हा मालेगावकरांना परके वाटत नाही. गल्लीत शिरले की तोच खटखटाट, तीच उर्दू. मुमताज महल 1631 मध्ये इथेच वारली. मुघल काळात इथली मलमल इराण आणि तुर्कस्तानपर्यंत जायची, हे फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने लिहून ठेवले आहे. इंग्रज राजदूत सर टॉमस रो 1615 मध्ये इथे आला तेव्हा त्याला सरायमध्ये उतरवले. त्याने त्या खोल्यांची तुलना भट्टीशी केली. गोल छताच्या, विटांच्या, अगदी लहान. राजदूताचीही मुक्कामाबद्दल तक्रारच होती, तर आपली असली तर नवल नाही.

इथे मावा जिलेबी खावी. खव्याची, जाड, काळपट रंगाची. एक पुरे. मुंबईत मोहम्मद अली रोडवर बऱ्हाणपूरच्या नावाने ती विकतात, पण भट्टीवरून उतरलेली गरम जिलेबी इथलीच. दराबा नावाची मिठाईही इथली खास. रव्याची आणि तुपाची असते, प्रवासात टिकते.

हातात तीन तास असतील तर दोन जागा. एक जामा मशीद, फारुकी सुलतानांची. आत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख आहे. दुसरी कुंडी भंडारा. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, एका इराणी जाणकाराने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले. वर विहिरींची रांग दिसते, खाली सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. पंप नाही, वीज नाही. ज्यांच्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येते त्यांनी हे जरूर पाहावे.

हैदराबाद आणि परतीची वाट

मनमाडहून अजिंठा एक्सप्रेसने रात्री निघाले की सकाळी हैदराबाद. मुक्काम वाचतो. पत्थरगट्टी आणि मदिना बिल्डिंग इथे कापडाचा बाजार आहे. मदिना बिल्डिंगचे भाडे मदिना शहरातल्या गरजूंना जावे म्हणून ती वक्फ केलेली होती. सकाळी निहारी आणि कुलचा, दुपारी मदिनाजवळच्या शादाबची बिर्याणी, संध्याकाळी चारमिनारला टेकून असलेल्या निमराहची इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही, हैदराबादचे खाणे स्वतःच बोलावते. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असते. तिथले जुने कापड आणि पोशाख आपल्या धंद्याच्या माणसाने पाहण्यासारखे आहेत. भाव करताना घाई करू नये. इथला दुकानदार आधी पान विचारतो, मग ख्याली-खुशाली, मग कापड. मुंबईच्या घाईने बोललात तर भाव कमी होत नाही.

येताना औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, उतरता येते. नान-खलिया दुपारी खावा. हिमरूचे हातमाग आता थोडेच उरले आहेत. जे आहेत त्यांच्याकडून एक शाल तरी घ्यावी, यंत्रावरच्या मालाशी तिच्या किमतीची तुलना करू नये. पाणचक्की सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती कशासाठी होती हे बहुतेकांना ठाऊक नसते. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमध्ये येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळायला ती होती. पाणी दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले. बऱ्हाणपूरच्या रस्त्यावर फर्दापूर आणि अजिंठा या गावांतही मुघल काळातल्या सराया उभ्या आहेत. एसटीच्या खिडकीतून पाहिल्या तरी चालतील.

शेवटी बॅगेविषयी. दोन जोडी कपडे, लुंगी, चादर, लहान कुलूप, आपले नमुने आणि कागदाला चिकटवलेले मागच्या खरेदीचे तुकडे. भाव त्याच कागदावर लिहिलेले असावेत. गुजराती आकडे शिकून घ्यावेत, एका संध्याकाळचे काम आहे. सुरतेत अजूनही कच्च्या चिठ्ठीवर तेच आकडे असतात, आणि ते तुम्हाला वाचता येतात हे दलालाला कळले की तो चिठ्ठी तुमच्यासमोर उलटी ठेवत नाही.